शून्य रुपयांचं तिकीट

खानदेशात माणूस गेला की पहिल्या तासात तो धार्मिक होतो. दुपारपर्यंत मनमिळाऊ होतो आणि संध्याकाळी फ्लेक्स छापून येईतो परोपकारी, दानशूर, गोरगरिबांचा आधार, जे काही व्हायचं राहिलं असेल ते सगळं होऊन मोकळा होतो. बांधावरच्या एका निंबासाठी सख्ख्या भावाला तालुक्याच्या कोर्टात हेलपाटे घालायला लावणाऱ्या एका गृहस्थाच्या फोटोखाली 'अजातशत्रू' लिहिलेलं मी वाचलंय. खाली शोकाकुलांत पहिलं नाव त्याच भावाचं होतं. माझी याबद्दल तक्रार नाही. जळगावच्या उन्हात चौकात उभं राहून कुणी खरंखोटं तपासत बसत नाही.

आमचे आबा एस.टी.त कंडक्टर होते. घरात आबा, बाहेर मास्तर. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी जळगाव-धुळे केलं: बांभोरीचा गिरणेवरचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे, चहा, आणि परत. त्यांना धार्मिक म्हणणं म्हणजे देवावर अन्याय होता. एरंडोलजवळच्या पद्मालयाला अंगारकीच्या दिवशी जादा गाड्या सोडतात, म्हणजे त्या दिवशी रजा मिळत नाही, एवढाच त्यांचा गणपतीशी संबंध. पेपरात निधनवार्ता द्यायला मोठा भाऊ गेला, तर तिथल्या माणसाकडे मजकूर तयारच होता: 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाचे होते.' भाऊ म्हणाला, "धार्मिक काढा." तो म्हणाला, "काढलं तरी पैसे तेवढेच लागतील भो." मग राहू दिलं. पैसे तेवढेच लागत असताना शब्द कमी घेणं आबांनाही पटलं नसतं.

फ्लेक्सची वेगळीच तऱ्हा. आबांचा धड फोटो घरात सापडेना. जन्मभर गाडीच्या दाराशी उभं राहिलेला माणूस फोटोतही कडेलाच उभा. बहिणीच्या लग्नात कडेला, बारशात कडेला, एकात तर नुसता कोपर दिसतो आणि घरातले सगळे शपथेवर सांगतात की हा आबांचाच. शेवटी चुलतभावाच्या हळदीतला फोटो निघाला. डोक्याला फेटा आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. फ्लेक्सवाल्या पोरानं हात पुसला, चार बोटं राहिली. वर ढग आले, दोन्ही बाजूंना समया आल्या, आणि आबा फेटा बांधून, खांद्यावर चार अज्ञात बोटं घेऊन 'आपल्या पवित्र स्मृतींना विनम्र अभिवादन' स्वीकारत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी उभे राहिले. तिथं खरं तर एस.टी.चा विनंती थांबा आहे. एवढी एक गोष्ट जमून आली.

नेरी नाक्याला न्यायच्या वेळी एक प्रकार झाला तो सांगतो, कारण तो नंतर धुळ्यापर्यंत वेगवेगळ्या आवृत्त्यांत पसरला. वैकुंठरथ दारात आला, आबांना ठेवलं, रामनाम सुरू झालं, पण गाडी हलेना. पुढच्या पोराला वाटलं अजून कुणी यायचं आहे, मागच्यांना वाटलं तोच निघत नाही. आबांबरोबर वर्षानुवर्षं गाडी चालवलेले ड्रायव्हर काका मागं उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि पत्र्यावर हाताची थाप दोनदा मारली. टण् टण्. गाडी तत्काळ निघाली. रडणाऱ्यांतले निम्मे हसले, आणि हसलो म्हणून पुन्हा जास्त रडले. काकांना विचारलं तर म्हणाले, "डबल बेलशिवाय गाडी हलवायची नाही, असं तुझ्याच बापानं मला शिकवलं."

पुढचे दिवस दारावर येणाऱ्यांचे. आमच्याकडे सांत्वनाला येणारा माणूस चप्पल काढून सतरंजीवर बसतो, दोन मिनिटं जमिनीकडे बघतो, आणि मग विचारतो, "कसं काय झालं?" धुळ्याकडचा असला तर, "कसं काय व्हयनं?" मोठ्या मुलानं मग सगळं पहिल्यापासून सांगायचं. पहिल्या दिवशी भावाला सांगता येईना. तिसऱ्या दिवशी कथेला आकार आला. पाचव्या दिवशी भाऊ योग्य जागी थांबायला लागला. "पहाटे चहा मागितला" याचं "अर्धा कप चहा मागितला" झालं, पुढं "अर्धा कप, बिनसाखरेचा" झालं. आतून आई दुरुस्ती करायची: "बिनसाखरेचा मी दिला. त्यांनी साखरेचाच मागितला होता." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. बारा दिवस संपले तेव्हा भावाची लय अशी बसली होती, की गंधमुक्तीनंतर कुणी दारावर येईना तेव्हा तो थोडा बेचैनच झाला.

या येणाऱ्यांत नातेवाईक थोडे आणि प्रवासी फार. आबांना किती माणसं ओळखत होती याचा आम्हाला पत्ताच नव्हता. एक म्हातारेबुवा मुकटीहून आले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "मास्तरकडे मना तीन रुपया व्हतात. दुसरा दिन उतरीसन माले दिन्हात." एवढंच सांगायला ते दोन तास प्रवास करून आले होते, आणि एवढंच सांगून उठले. तीन रुपयांची ती गोष्ट आम्हाला मात्र तपशिलात ठाऊक होती. सुट्टे नसले की आबा तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं बाकी लिहून त्याभोवती गोल करायचे. उतरताना तिकीट दाखवायचं, पैसे घ्यायचे. विसरभोळे लोक तसेच उतरून जात. मग ती बाकी आबांच्या खिशातल्या डायरीत चढे: 'मुकटी, पांढरी टोपी, ३.' 'फागणे, बाई, कडेवर पोर, १.५०.' अशा पांढऱ्या टोप्या खानदेशात किती, याचा विचार त्यांनी केला नव्हता. पण ते बरोबर शोधून काढत.

हाफ तिकिटाच्या बाबतीत मात्र ते मनमिळाऊ नव्हते. पाच वर्षांच्या आतल्याला फुकट, पाच ते बाराला अर्धं. आमच्याकडची पोरं एस.टी.च्या पायरीवर पाऊल ठेवलं की दोन-तीन वर्षांनी लहान होतात. आई सांगायची, "पाचवं लागायचंय अजून." आबा तिच्याशी वाद घालत नसत. खाली वाकून पोरालाच प्रेमानं विचारत, "कितवीत रे बाळा?" पोरगं छाती काढून सांगे, "तिसरीत! पहिला नंबर!" मग आबा त्याची पाठ थोपटत, अर्धं तिकीट फाडत, आणि त्या पोराला घरी गेल्यावर काय मिळालं असेल याची चौकशी करत नसत.

घरही त्यांनी गाडीसारखंच चालवलं. सकाळी न्हाणीघरापुढं रांग लागली की "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा आहे" असा पुकारा व्हायचा. निवृत्त होताना त्यांनी तिकिटांचा ट्रे, पंच, सगळं जमा केलं आणि त्याची पावती घेतली. पण हात स्वस्थ बसेना. पंच हातात घेऊन दांडीवर टिकटिक केली की साठ माणसं गप्प होतात, ही सवय एका दिवसात कशी सुटणार? मग त्यांनी बाजारातून अडकित्ता आणला. सुपारी ते कधीच खात नसत. रिकामा अडकित्ता वाजवत घरभर फिरायचे. टिक टिक झाली की नातवंडं जिथं असतील तिथून येऊन बसत. पुण्याच्या नातीनं तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून तिकिटं केली होती, आणि सोफ्यावरून दिवाणावर जायला आबा तिच्याकडून अर्धं तिकीट काढत. ती म्हणायची, "आबा, तुमचं फुल." आबा म्हणायचे, "माझं वय विचारलंस का?"

आता जळगाव-धुळ्याचं सांगायला हवं, कारण आमच्या घरात तो रस्ता नसून वाद होता. आबा जळगावचे, आई धुळ्याची. इंग्रजांनी १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पुढं पूर्व खानदेशचा जळगाव झाला, पश्चिमचा धुळे झाला, आणि आमच्या स्वयंपाकघरात ती हद्द कायम राहिली. आबांचा पक्ष भरताचा: हिरवी-पांढरी लांब वांगी, काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी मुसळीनं ठेचलेली, वर हिरवी मिरची, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. आईचा पक्ष धुळ्याच्या शेवभाजीचा. "वांगं जाळायला काय अक्कल लागते?" हा आईचा मुद्दा, आणि "चिवड्यातली शेव रश्शात पडली त्याला तुम्ही भाजी म्हणता" हा आबांचा. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यावरून आबा तिला कायम छेडत: "नावं सुचली नाहीत तुमच्या लोकांना." आई म्हणायची, "नंबर असला की माणूस हुडकत फिरत नाही. तुम्हीच लग्नाच्या आधी बघायला आलात तेव्हा न चुकता आलात ना? मी म्हणते, चुकला असतात तर बरं झालं असतं." १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला त्या दिवशी आबांनी वर्तमानपत्र तिच्यापुढं धरलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडचं बरंच कमी झालं. वाईट वाटलं."

नातवंडांना इतिहास त्यांनी थांब्यांनुसार शिकवला. धरणगावचा फाटा आला की बालकवी. ते इथले, १८९०चा जन्म, आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. "म्हणून सांगतो, एस.टी.नं जावं." जळगावच्या बाजूला आसोद्याच्या बहिणाबाई. धुळ्याच्या बाजूनं आई तितक्याच जोरात उत्तर द्यायची: राजवाडे आमचे. ते जन्मले दुसरीकडे, पण गावोगाव जुनी दप्तरं धुंडाळत अखेर धुळ्यालाच राहिले आणि १९२६ साली तिथंच गेले. "कारण गल्ली सापडायला सोपी," आबा. मग आई विनोबांना काढायची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे तिच्या माहेरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार पान. यावर तरी आबा गप्प बसतील असं तिला वाटे. आबांनी अडकित्ता एकदा वाजवला आणि म्हणाले, "विनोबा थोरच. पण श्रोते बघ. सगळे बसलेले, कुणालाही मधे उतरायचं नाही, आणि एकालाही सुट्टे परत द्यायचे नाहीत. मला असे प्रवासी मिळाले असते तर मीही काहीतरी सांगितलं असतं."

बहिणाबाईंचं मात्र मला नंतर फार आठवलं. त्यांनी जुळवलेलं घरच्यांनी टिपून ठेवलं होतं, १९५१ साली त्या गेल्यावर सोपानदेवांनी ते अत्र्यांपर्यंत नेलं, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आपणही आबांच्या डायऱ्या उघडाव्यात असं मला वाटलं. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत त्या होत्या, आणि सोबत जे काही होतं ते बघून राजवाड्यांनी आमच्याकडेच मुक्काम ठोकला असता: सातबारे, जुनी रेशनकार्डं, बंद पडलेल्या पंख्याची हमीपत्रं, पंच जमा केल्याची ती पावती. एका बियाणे कंपनीच्या डायरीत माझ्या जन्माच्या तारखेचं पान सापडलं. मी खाली बसून वाचलं. 'मुलगा. वजन बरं. ड्यूटी पारोळा. सुट्टे नाहीत. ऊन फार.' सगळ्या डायऱ्यांत 'ऊन फार' हे वाक्य इतक्या वेळा येतं की तेवढ्यावरून हवामान खात्यानं प्रबंध करावा. आईबद्दल एकच नोंद आहे, तीही बाकीच्या खात्यात: 'हिला धुळ्याला न्यायचं राहिलं.' साल वाचता येत नाही, उंदरांनी खाल्लंय. ती धुळ्याला गेली की नाही यावर आई आणि धुळ्याचे मामा यांच्यात अजून एकमत नाही.

पण खरी मजा आली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट झाली. ज्या माणसानं सहा वर्षांच्या पोराचं तोंड उघडून दात मोजायचे तेवढे बाकी ठेवले होते, त्याला सरकारनं सांगितलं, तुम्ही फुकट बसा. आबांना हे अपमानास्पद वाटलं. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन निघाले आणि संध्याकाळी तृप्त चेहऱ्यानं परत आले. धुळ्याला जाऊन शेवभाजी खाऊन आले होते. मग हे सुरूच झालं. कुणाला सांगायचं नाही, गाडी धरायची, धुळ्याला उतरायचं, शेवभाजी, चहा, परत. आईला तेल-तिखटाच्या वासावरून कळायचं. इतकी वर्षं ज्या पदार्थाला त्यांनी चिवड्याचा अपघात म्हटलं, तो चोरून खायला नव्वदेक किलोमीटर जाणाऱ्या नवऱ्याला काय बोलावं हे तिला ठरवता येईना. माहेरचा विजय झाला होता, पण शुगरही वाढली होती.

फुकट म्हणजे तिकीट नाही असं नसतं. शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. नवख्या कंडक्टरनं "राहू द्या आबा, बसा" म्हटलं की ते अडून बसत. "तिकीट फाडा. बिनतिकीट मी जात नाही." आता फाडायचं काही नसतं, मशीनमधून पट्टी निघते, पण शब्द तोच. ती शून्याची पट्टी ते डायरीत जपून ठेवत. पुढं मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं आणि आईनं पदर खोचून सांगितलं, आता मीही येते. तिची पंचाहत्तरी व्हायची होती. दोघं एका बाकावर बसले, तो शून्य, ती अर्धी. आबांनी तिच्याकडे नखशिखान्त बघितलं आणि कंडक्टरला म्हणाले, "मास्तर, नीट बघा. कितवीत आहे विचारा." पारोळ्यापर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. पारोळ्याला त्यांनी तिला बोरं घेऊन दिली.

आबा गेल्यावरची पहिली आखाजी आली तेव्हा घरात पुन्हा हद्दीचा प्रश्न निघाला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण पंचांगात ती जेवढी आहे त्याच्या चौपट आमच्याकडे आहे. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, सालदारांचं साल संपून नवं सुरू होतं, पितरांची घागर भरतात, आणि एरवी पत्ता हातात न धरणारी माणसं ओट्यावर बसून पत्ते कुटतात. एकाच दिवशी पितर, पोरी, पगार आणि जुगार. आईनं नवी घागर भरली, वर मातीचं लहान भांडं, खरबूज, सांजोऱ्या, दोन आंबे. ताटात पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. आणि मग वाद: आबांना आवडायचं काय? बहीण म्हणाली भरीत. मामा म्हणाले शेवभाजी, पुरावा आहे. भाऊ म्हणाला पितरांच्या ताटात शेवभाजी चालत नाही. ड्रायव्हर काका म्हणाले, मास्तरला फागण्याच्या पुढं काहीही चालायचं.

आईनं कुणालाच विचारलं नाही. आगारी टाकायला तिनं घास काढला. मी बघत होतो. बाकीच्यांच्या रसात साखर होती, आबांच्या वाटीतला रस तिनं आधीच बाजूला काढून ठेवला होता. पुण्याची नात म्हणाली, "आजी, आता आबांना शुगर नाही." आई म्हणाली, "तुला काय माहीत? तिथं जाऊन कुणी तपासली?"

संध्याकाळी ओट्यावर मेंढीकोटचा डाव लागला. आबा असताना मामा आणि ते कायम विरुद्ध बाजूला बसत, आणि दर आखाजीला मामा हरत. हुकूम हातात असला की आबा खाकरत, हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त मामांना कधी कळलं नाही. पहिला डाव संपला आणि आई आतून डायरी घेऊन आली. चष्मा लावून, पान शोधून, तिनं मोठ्यानं वाचलं: "धुळे, मेहुणा, आखाजी, बाकी चाळीस." पुढच्या पानावर पुढचं साल, बाकी साठ. तिसऱ्यावर 'देतो म्हणाला. ऊन फार.' सगळी बेरीज करून तिनं भावापुढं हात केला.

"अगं, गेलेल्या माणसाची उधारी कुठं मागतात का?" मामा म्हणाले.

"गेलेले असते तर सकाळी जेवू कुणाला घातलं?" आई म्हणाली. "दे. सालदाराचा हिशेब मिटतो आज, तुझा नाही मिटणार?"

मामांनी भरपूर वेळ खिसे चाचपले आणि पाचशेची नोट काढली. आईनं ती उजेडात धरून बघितली, कनवटीला लावली, आतून आबांची पेन्सिल मागवली, आणि मामांच्याच खिशातल्या धुळ्याहून येतानाच्या तिकिटाच्या पाठीवर उरलेली बाकी लिहून त्याभोवती गोल केला. "सुट्टे नाहीत," ती म्हणाली, "पुढच्या आखाजीला घे. आणि तिकीट जपून ठेव, तिकिटाशिवाय मिळायचे नाहीत."